मोरपंखीला पाणी वाढवू नका
ताई, मोरपंखी आतून तपकिरी पडतेय म्हणून तुम्ही पाणी वाढवलंत, ते आधी थांबवा. आमच्या इंदूरची काळी माती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. माझी पहिली दोन झाडं तशीच गेली. मग इथल्याच रामबाग वस्तीत एका काकूंची गच्ची बघायला गेले. त्यांनी कुंडीत बोट खुपसायला लावलं: निम्मी जाड वाळू, दोन पेरं खोलवर कोरडी! भर मे महिन्यातही त्या असं चाचपूनच पाणी घालतात.

कीडही तपासा: फांदीखाली पांढरा कागद धरून झटका; ठिपके चालू लागले तर लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) समजा, पाण्याचा जोरदार फवारा मारा. कात्री मात्र हिरव्या भागातच चालवा, जुन्या उघड्या लाकडाला सहसा पुन्हा पालवी फुटत नाही. इंदुरात आलात तर काकूंकडे घेऊन जाईन.