बाबांना चिकन चॉप खायला कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी,
आई-बाबा पुण्याहून महिनाभरासाठी सिंगापूरला आलेत. बाबांना एकदा काट्या-सुरीनं खायचं साहेबी जेवण जेवायचंय. मॉलमध्ये नेलं, तर मेनूवरच्या २० डॉलरांचे १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ९ टक्के जीएसटी धरून २४ होत होते. बाबांनी मनात रुपये मोजले आणि फक्त सूप मागवलं. मला फार वाईट वाटलं. आमच्या इमारतीखालच्या कॉफीशॉपमध्ये (इथे कॉफीशॉप म्हणजे वेगवेगळ्या स्टॉलांचं साधं खाण्याचं ठिकाण) 'वेस्टर्न फूड'चा स्टॉल आहे. तिथे न्यावं का? आई शाकाहारी आहे.
– तांपिनीसची नवी सभासद

ताई, बिनधास्त न्या. त्या जेवणाला स्वतःचं घराणं आहे. चीनच्या हैनान बेटावरचे लोक सिंगापुरात उशिरा पोचले, तोवर होक्कियन आणि तिओच्यू या दुसऱ्या चिनी गटांनी व्यापारात जम बसवला होता. मग यांनी इंग्रजांच्या बंगल्यांत, बोटींवर स्वयंपाक्याची कामं धरली. साहेब गेले, हाताची चव इथेच राहिली. जुन्या पद्धतीच्या पोर्क चॉपला क्रीम क्रॅकरचा चुरा लावतात आणि वर टोमॅटोचा रस्सा, त्यात मटार. ही त्यांचीच रीत. चिकन चॉप म्हणजे हाड काढलेली तंगडी, कातडी कुरकुरीत भाजलेली. बाबांसाठी ब्लॅक पेपर सॉस सांगा. आमच्याकडे चॉप साडेसात डॉलरला मिळतो आणि वर काही लागत नाही.
टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल धरा. चहाचा स्टॉल वेगळा असतो. नुसतं 'तेह' म्हटलंत तर कंडेन्स्ड मिल्कचा गोडमिट्ट चहा येईल. 'तेह सी सिऊ दाय' म्हणा, म्हणजे एव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर कमी. उठताना ट्रे आपणच उचलून ट्रे परत करायच्या रॅकवर ठेवायचा, तो आता नियमच आहे.
– बेडोकचे काका

आईंसाठी सांगते. फ्राइज बहुधा चिकनच्याच तेलात तळतात आणि मश्रूम सूपमध्ये चिकनचा स्टॉक असू शकतो, तेव्हा विचारल्याशिवाय मागवू नका. चिनी शाकाहारी स्टॉल असेल तर तिथली बी हून, म्हणजे तांदळाच्या शेवया, घ्या. ते बौद्ध पद्धतीचं असतं, बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. माझ्या सासूबाई चातुर्मासात तेच खायच्या.
– जुरोंगची ताई

काका, ताई, मनापासून आभार! काल संध्याकाळी गेलो. प्लेटमध्ये चॉप, फ्राइज, कोलस्लॉ, लोणी लावून भाजलेला पाव आणि चमचाभर बेक्ड बीन्स. बाबांनी आधी बीन्सच खाल्ले. सुरी खाली ठेवून म्हणाले, "अगं, हे तर डेक्कन क्वीनचं!" पुणे-मुंबई नोकरीच्या वर्षांत महिन्याच्या पगाराला ते डायनिंग कारमध्ये बीन्स-टोस्ट खायचे, हे मला आजवर माहीतच नव्हतं. मग सॉस पावानं पुसून खाईपर्यंत ते त्या गाडीबद्दलच बोलत होते, आणि आई बी हून खाता खाता त्यांच्या चुका दुरुस्त करत होती. तिघांचं मिळून १६ डॉलरांत झालं.
आज सकाळी मी उठायच्या आत बाबा एकटेच खाली जाऊन आले. बोटाला दोरीनं लटकवलेल्या प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, आत वाफाळता चहा. तेह सी सिऊ दाय.
– तांपिनीसहून