मदत हवी आहे: बेन्झानिलाइडचा वितळणांक १६३ ऐवजी १३० पासूनच सुरू होतोय

नमस्कार. मी टीवायबीएस्सीला आहे. शुक्रवारी प्रॅक्टिकलची परीक्षा आणि बेन्झानिलाइड (ॲनिलिन आणि बेन्झॉइल क्लोराइडपासून होणारं अमाइड) काही नीट जमत नाहीये.

काल केलं ते असं: २ मिली ॲनिलिन, त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड १० मिली, मग ३ मिली बेन्झॉइल क्लोराइड थोडं थोडं घालून, बूच लावून १५ मिनिटं हलवलं. फ्लास्क गरम झाला, पांढरा साका आला. गाळून, धुऊन रात्रभर वाळवलं. भरलं २.४ ग्रॅम, हिशेबाने ४.३ यायला हवं होतं. १३० अंशांना ओलं दिसायला लागलं, पूर्ण वितळायला १५० उजाडले. गाळण्याआधी लिटमस लाल झाला होता. एचसीएल सुटतं म्हणजे लाल होणारच, असं मी धरलं.

आणखी एक. ॲनिलिनच्या नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनजोडी रिंगमध्ये पसरलेली असते, मग ते बेन्झॉइल क्लोराइडवर हल्ला करतं, म्हणजे त्याच्या कार्बनशी बंध जोडतं, तरी कसं?

प्रतिसाद

लिटमस लाल व्हायलाच नको होता, तुमची चूक तिथेच आहे. शेवटपर्यंत द्रावण अल्कलीच राहायला हवं. सुटलेलं एचसीएल अल्कलीने उचललं नाही, तर ॲनिलिनच ते उचलतं आणि ॲनिलिनियम क्लोराइड होऊन बसतं. मग नायट्रोजनकडे हल्ल्यासाठी जोडीच उरत नाही. ते पाण्यात विरघळतं, म्हणजे तुमचा माल गाळणीखाली वाहून गेला. अल्कली मुळीच नसेल तर निम्मं ॲनिलिन असंच जातं.

शिवाय थोडं बेन्झॉइल क्लोराइड पाण्याशी लागून बेन्झोइक आम्ल होतं. अल्कलीत ते विरघळून राहतं. आम्लात मात्र साक्याबरोबर खाली बसतं आणि वितळणांक पाडतं. सोडियम हायड्रॉक्साइड २० मिली घ्या, तेही ताजं.

कालचा माल टाकू नका. सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ढवळा, गाळा, धुवा, मग गरम रेक्टिफाइड स्पिरिटमधून स्फटिक काढा.

शंकेचं: जोडी पसरलेली असते, नाहीशी झालेली नसते. ॲनिलिन साध्या ॲमिनपेक्षा मंद खरं, पण समोरचा कार्बोनिल कार्बन (बेन्झॉइल क्लोराइडमधला, ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेला) ऑक्सिजन आणि क्लोरीनने ओढून इतका भुकेला केलेला असतो की तेवढी जोडी पुरते. क्लोराइड सुटून अमाइड झालं की तीच जोडी कार्बोनिलकडे ओढली जाते, म्हणून दुसरं बेन्झॉइल सहज बसत नाही. पॅरा-नायट्रोॲनिलिन घेऊन पाहा, नायट्रो गट जोडी आणखी खेचतो आणि काम फारच रेंगाळतं.

बेन्झॉइल क्लोराइड हुडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) ओता, डोळ्यांना फार झोंबतं. हलवताना मधूनमधून बूच सैल करा.

धागाकर्ती

बायकार्बोनेट घालताच फसफसलं! गाळून वाळवल्यावर १.६ ग्रॅम उरलं. स्पिरिटमधून काढलेले स्फटिक १६१-१६२ ला वितळले. गाळलेल्या पाण्यात आम्ल घातलं तर पांढरा साका आला, तो १२१ ला वितळला. बेन्झोइक आम्लच होतं. मनापासून आभार, उद्या २० मिलीने पुन्हा करते.