संदेष्ट्यांनी इशारे कवितेत दिले, घोळ तिथेच झाला

खडीसाखर:
सध्या बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे, म्हणजे देवाचा निरोप लोकांना सांगणारे, वाचतेय. इशारा द्यायचा तर सरळ द्यावा ना. यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात, ३३व्या अध्यायात, देवच त्याला सांगतो की लोकांना तू गोड गळ्याने प्रेमगीतं गाणारा वाटतोस, ऐकतात पण करत काहीच नाहीत. कीर्तनात डोलायचं आणि घरी जाऊन परत व्याजाचा तगादा लावायचा, तसलंच हे.

पावटा:
अजिबात पटलं नाही. आमोस बघा, इ.स.पू. आठव्या शतकातला तकोवाचा मेंढपाळ, दक्षिणेतला माणूस, जाऊन बोलला उत्तरेच्या, म्हणजे इस्राएलच्या राज्यात. आधी दिमिष्क (दमास्कस), गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब असं एकेका शेजाऱ्याला झोडतो, दरवेळी तेच पालुपद, 'तीन अपराधांमुळे, नव्हे चारांमुळे', ऐकणारे खूश, मग यहूदा, म्हणजे त्याचं स्वतःचं दक्षिणेचं राज्य, आणि मग त्याच चालीवर थेट इस्राएल, की तुम्ही गरिबाला जोडाभर वहाणांसाठी विकता! इतका वेळ माना डोलावल्यावर आता नाही कसं म्हणणार? गद्यात जमलं असतं हे?

खडीसाखर:
जमलं कुठे पण? बेथेलच्या पुजाऱ्याने, अमस्याने, चालता हो म्हणून सुनावलं, आणि इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या साम्राज्याने उत्तरेची राजधानी शोमरोन घेतलीच. उलट योना हा संदेष्टा घ्या. अश्शूरच्या निनवे शहरात जाऊन 'चाळीस दिवसांनी निनवे उलथणार', बस, एवढंच वाक्य, आणि राजापासून सगळ्यांनी पश्चात्तापाचं गोणपाट नेसलं.

उंबरठा:
अहो योना म्हणजे गोष्ट आहे, तीही खट्याळ, गुराढोरांनासुद्धा गोणपाट घातलंय त्यात, तो कसला पुरावा 😄 यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६वा अध्याय काढा. मंदिरात बोलला म्हणून त्याला मारायलाच निघाले होते, तेव्हा काही वडीलधाऱ्यांना मीखा या संदेष्ट्याची शंभरेक वर्षांपूर्वीची ओळ आठवली, 'सियोन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल', आणि म्हणाले तेव्हाच्या हिज्कीया राजाने मीखाला मारलं होतं का? यिर्मया वाचला. अख्खं शहर नांगरलेलं डोळ्यापुढे येतं म्हणून तर ती ओळ इतकी टिकली.

खडीसाखर:
मग अध्याय पूर्ण वाचा की. तिथेच खाली उरीया हा संदेष्टा आहे, तोही यिर्मयासारखंच बोलला, मिसरला (इजिप्तला) पळाला, यहोयाकीम राजाने माणसं पाठवून धरून आणला आणि तलवारीने मारला. यिर्मया वाचला कारण शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी होता, शेवटचं वाक्यच ते आहे. याला वशिला म्हणतात, कविता नाही.

पावटा:
वशिला मान्य. पण उरीयाची एक तरी ओळ उरलीय का? मीखाची मात्र त्याच्या पुस्तकातही आहे आणि यिर्मयाच्याही.