मदत हवी आहे : ‘तृ’ धातूचा अर्थ, आजच हवा

खाडीकाठ : स्मरणिकेत ‘आमची तर’ असा लेख लिहिलाय. मजकूर सहाला छापखान्यात द्यायचा आहे. ‘तर’ ज्या तृ धातूवरून आला तो कुठल्या गणातला, अर्थ काय? कोशात सापडतच नाही.

जुना विद्यार्थी : ऱ्हस्व की दीर्घ? आणि तर कुठली, जर-तरमधली?

खाडीकाठ : होडीची हो! खाडीवर दुसरी कुठली असणार? माझे आजोबा ती चालवायचे. कोशात ऱ्हस्वच शोधला.

शब्दवेडी : तिथेच चुकलं. दीर्घ ॠ आहे, तॄ. पहिला गण, परस्मैपद, तरति. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘तॄ प्लवनतरणयोः’ : तरंगणं आणि पार जाणं, दोन्ही. अवतार, उतरणे, उतारू, निस्तार, सगळे याच घरचे.

घाटावरचा : तर फारसी आहे. तर म्हणजे ओला. पाण्याशी संबंध उघड आहे.

शब्दवेडी : तो ‘तर’ वेगळा. मनुस्मृतीत आठव्या अध्यायात ‘पणं यानं तरे दाप्यम्’ आहे, तरीवर गाडीला एक ‘पण’ (जुनं नाणं) उतराई, म्हणजे पार नेण्याचं भाडं. अमरकोशात उतराईला आतर आणि तरपण्य, होडीला तरणि आणि तरि. तेव्हा इथे फारसी कुठली?

देवगडकर : आमच्यात अजून ‘तरीर’ (तरीवर) म्हणतत. होडी नेणारा तो तारी, ह्या आडनाव पण आसा.

पर्यटक पुणे : दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी नेता येते का? रविवारी गुहागरला जायचंय.

देवगडकर : येता. पण तो वेगळो धागो काढा.

खाडीकाठ : तीर्थ पण यातलंच का? आमच्या धक्क्याला जुनी माणसं तीर्थच म्हणतात. मग ‘ती’ कुठून आला?

जुना विद्यार्थी : ‘ॠत इद्धातोः’, पाणिनी ७.१.१००. ॠचा इर् होतो, पुढे व्यंजन आलं की दीर्घ. तीर्ण, तीर्थ. तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडायचा उतार. धक्क्याचं नाव लेखात घालाच.

खाडीकाठ : घातलं. आता छापखानेवाला म्हणतो तॄ उमटत नाही, चौकोन येतोय.

शब्दवेडी : ‘दीर्घ ॠकारान्त, तरति’ असं लिहून द्या. चुकूनही ऱ्हस्व छापू देऊ नका.

खाडीकाठ : ॠचाही चौकोन आला. ‘दीर्घ ऋकारान्त, तरति’ असं लिहून दिलं. मजकूर गेला.