तोंड 33 मिमी उघडतंय, गाल दुखतोय: व्यायाम कोणता आणि किती?

खडीसाखर
फिजिओथेरपी शिकले आहे, पण जबड्याच्या केसेस कमी हाताळल्या आहेत, म्हणून विचारतेय. पेशंट बाई, वय 34, बैठं काम. 4 महिन्यांपासून दोन्ही गाल आणि कानशिलं दुखतात, उजवीकडे जास्त. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो, कडक भाकरी किंवा शेंगदाणे खाल्ले की दुखणं वाढतं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर 33 मिमी. उजवीकडे तोंड उघडताना आणि मिटताना 'कट्' वाजतं, पण तेव्हा दुखत नाही. दात आणि एक्स-रे ठीक.

आधी मिळालेल्या छापील कागदावर असं होतं: तोंड पूर्ण उघडा-मिटा 20 वेळा, दिवसातून 3 वेळा, फुगे फुगवा, च्युइंग गम चघळा. 10 दिवसांत दुखणं वाढलं. व्यायाम चुकीचा की मात्रा जास्त?

वाकडी_मान
दोन्ही. पण आधी एक माप राहिलंय. स्वतःहून जेवढं उघडतं ते झाल्यावर, अंगठा वरच्या दातांवर आणि तर्जनी खालच्या दातांवर ठेवून हलकेच आणखी उघडून बघा. किती मिमी वाढतं? आणि वरचे दात खालच्या दातांना मिटल्यावर किती झाकतात तेही मोजा, ते दोन्ही मापांत मिळवायचं असतं. पट्टी स्टीलची घ्या, जिचा शून्य अगदी कडेला असतो. शाळेच्या प्लास्टिक पट्टीला कडेला 3-4 मिमी कोरी जागा असते आणि तिथेच घोळ होतो.

हा खटाटोप अशासाठी: बोटांच्या मदतीने तोंड 5 मिमीहून जास्त सैलपणे उघडत असेल, तर अडवणारा बहुधा स्नायू. मदत देऊनही एकूण 40 च्या आत दगडासारखं अडत असेल, उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला जाऊन तिथेच राहत असेल आणि पूर्वीचा आवाज अचानक बंद झाला असेल, तर सांध्यातली चकती पुढे सरकून अडकल्याची शंका घ्यायची. दोन्हींचा व्यायाम एक नाही.

खडीसाखर
झाकलेला भाग 3 मिमी. म्हणजे स्वतःहून 36, मदतीने 44. हनुवटी मधेच थोडी उजवीकडे जाते, 'कट्' झालं की परत मध्यावर येते. दुखतं ते गालात, सांध्यावर दाबलं तर नाही.

वाकडी_मान
मग चकती सरकते पण परत जागेवर येते, आणि दुखणं स्नायूचं आहे. न दुखणाऱ्या आवाजावर उपचार लागत नाही. तो घालवायला म्हणून व्यायाम देऊ नका आणि तसं आश्वासनही देऊ नका.

च्युइंग गम आजच बंद. मॅसेटर, म्हणजे गालातला चावायचा स्नायू, आधीच थकलेला आहे, त्याला आणखी काम कशाला? 60 वेळा पूर्ण तोंड उघडण्यातली गोम अशी, की साधारण पहिल्या 20-25 मिमीपर्यंत खालच्या जबड्याचं सांध्यातलं गोल डोकं मुख्यतः जागच्या जागी फिरतं, पुढे ते चकतीसकट खाली-पुढे घसरतं. प्रत्येक फेरीत शेवटपर्यंत गेलं की तो आवाज 60 वेळा काढला जातो, दुखऱ्या स्नायूला झटके बसतात ते वेगळेच.

आता काय करायचं. दिवसभराची सवय सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच सगळे वगळतात: ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक टाळूवर. कुठे? मराठीत 'न' म्हणताना टेकतं तिथे, दातांमागच्या खडबडीत हिरडीवर. 'त' म्हणताना जीभ दाताला लागते, तिथे नको. स्क्रीनच्या कडेला एक रंगीत टिकली लावा. नजर गेली की दात सुटे आहेत का बघायचं. बैठ्या कामात दात आवळले जातात ते नकळत, त्यामुळे 'लक्ष ठेवा' एवढं सांगून भागत नाही.

जीभ त्याच जागी ठेवून तोंड उघडा-मिटा, जीभ सुटायच्या आत थांबा. 6 वेळा, दिवसातून 6 वेळा. चिलीचे फिजिओथेरपिस्ट रोकाबादो यांच्या '6 गुणिले 6' कार्यक्रमातला हा भाग. आरशात हनुवटी मध्यरेषेत उतरतेय का ते बघायचं.

मग हनुवटीखाली दोन बोटं ठेवून तोंड उघडायचा प्रयत्न, बोटांनी तेवढाच विरोध, जबडा हलता कामा नये. 6 सेकंद, 6 वेळा. उघडणारे स्नायू कामाला लागले की मिटणारे सैल पडतात, म्हणून स्नायूला ताण देण्याआधी हे करावं. जोर अगदी कमी, मान ताठली म्हणजे जास्त झालं.

ताण शेवटी. ओल्या गरम टॉवेलने 10 मिनिटं दोन्ही गाल शेका. मग माप घेताना केलीत तीच कात्रीसारखी पकड, 30 सेकंद, 3 वेळा, सकाळ-संध्याकाळ. गाल ओढला गेल्यासारखा वाटावा, पण सांध्यात टोचायला नको. झटका नको. पुढच्या दातांना कॅप, ब्रिज असेल किंवा दात हलत असतील तर त्यांवर जोर देऊ नका, डेंटिस्टला विचारून मागच्या दातांवर बोटं ठेवा.

व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात आधीच्या पातळीला यायला हवं. दुसऱ्या सकाळी आखडणं वाढलं तर आधी ताण निम्मा करा. बाकीचं चालू ठेवा.

मानेचं विसरू नका. हनुवटी आत ओढण्याचा व्यायाम द्याल तेव्हा नजर तिच्या दातांवर ठेवा. हटकून दात आवळून करतात, मग मान सुधारते आणि गाल बिघडतो.

मधली_दाढ
दंतवैद्य आहे, दोनच मुद्दे. रात्री दात खाण्याची सवय या व्यायामांनी जाईल असं सांगू नका. स्प्लिंट (दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी) झिजेपासून दात वाचवते, पण दुखण्यावर तीच पहिली नाही: 2023 च्या डिसेंबरात आलेल्या बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या मार्गदर्शिकेत जुनाट दुखण्यासाठी देखरेखीखालचा जबड्याचा व्यायाम, ताण, मानेच्या ठेवणीचा व्यायाम आणि हाताने केलेले उपचार यांची ठाम शिफारस आहे, स्प्लिंटकडे मात्र कल नकाराचा. मेडिकलमधून आणलेली, गरम पाण्यात मऊ करून चावायची आणि फक्त पुढचे दात झाकणारी पट्टी महिनोन्‌महिने वापरली तर दातांचा मेळ बिघडू शकतो.

दुसरा आपल्याकडचा. तोंड कमी उघडतंय म्हटलं की गुटखा, मावा, सुपारी यांची चौकशी आधी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तोंडं मात्र अजून बंद होताहेत! गालाच्या आत पांढुरकी, कडक पट्टी हाताला लागते का, तिखट झोंबतं का, बघा. तो सबम्युकस फायब्रोसिस. तिथेही तोंड उघडण्याचा व्यायाम देतात, पण दुखणं स्नायूचं नसतं, आणि त्यातून कर्करोग होऊ शकतो म्हणून तपासणी सुटता कामा नये.

खडीसाखर
सुपारी नाही, गालाची आतली बाजू मऊ आहे. तोंडातून मॅसेटर दाबलेला चालेल? आणि कधी थांबायचं?

वाकडी_मान
चालेल. हातमोजा घालून तर्जनी गालाच्या आत, अंगठा बाहेर, दुखरी गाठ चिमटीत धरून 30-60 सेकंद एकसारखा दाब. चोळायचं नाही. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनामागे खोल दाबायचं नाही. तिथे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आहेत.

4-6 आठवड्यांत 36 चे 40 च्या वर गेले नाहीत आणि दुखणंही जागचं हललं नाही, तर निदान पुन्हा तपासा. व्यायाम न करताच डॉक्टरकडे पाठवायचे ते वेगळे: पन्नाशीनंतर नव्याने चावताना जबडा दुखू लागला, कानशील हुळहुळं झालं, नजर अंधुक झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. पायी चालताना जबडा दुखून थांबल्यावर शमत असेल, तर ते दुखणं हृदयाचं असू शकतं. गालाला सूज आणि ताप असेल तर आधी अक्कलदाढ बघा. ओठ किंवा हनुवटी बधिर होत असेल तरी आधी डॉक्टरकडेच.

मधली_दाढ
फुग्यांचं कुणी बोललं नाही. फुगवताना गाल ताणले जातात आणि जबडा पुढे ढकलला जातो, इथे उपयोग शून्य. खाण्यात काही आठवडे भाकरी आमटीत कुस्करून, फळं फोडी करून, ऊस आणि चिक्की बंद. पण नुसत्या पेज-खिचडीवर महिना काढू नका. जांभई आली की जीभ टाळूला आणि मूठ हनुवटीखाली.

वाकडी_मान
आणि माप आठवड्यातून एकदाच, संध्याकाळी, त्याच पट्टीने. रोज पट्टी लावली की आकडा वाढवायच्या नादात पेशंट तोंड ताणत बसतो.