पास्ट लाइफ रिग्रेशन: फरक पडला म्हणजे ते खरं असतं का?

वाघबीळची_मृणाल:
माझ्या धाकट्या जावेला पाण्याची जाम भीती, म्हणजे तलावपाळीला पोरं बोटीत बसली तरी ही काठावर घामाघूम. कुणीतरी सांगितलं म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका बाईंकडे रिग्रेशनला गेली. डोळे मिटून पडायचं, मग त्या जिना उतरायला लावतात, दार उघडायला लावतात, पायात काय घातलंय, आजूबाजूला कोण दिसतंय असं विचारत विचारत मागच्या जन्मात नेतात. हिला दिसलं की आपण कोळीण होतो आणि होडी उलटून बुडालो. खूप रडली. आणि गेल्या रविवारी आपणहून बोटीत बसली! मला तरी वाटतं यात काहीतरी आहे.

ऐरोलीकर:
ताई, भीती गेली हे छानच झालं. पण चेंदणी कोळीवाड्याशेजारी वाढलेल्या मुलीला कोळीणच दिसणार ना? 1952 साली अमेरिकेत कोलोरॅडोला एक बाई हिप्नोसिसमध्ये (संमोहनात) सांगायला लागली की मागच्या जन्मी मी आयर्लंडची ब्राइडी मर्फी होते. पत्रकारांनी आयर्लंडमध्ये शोधलं तर अशा ब्राइडीची नोंदच नाही, उलट ही अमेरिकन बाई लहान असताना शिकागोत समोरच्या घरात एक आयरिश बाई राहायची, तिचं नाव ब्राइडी. ऐकलेलं डोक्यात राहतं, कुठे ऐकलं ते विसरायला होतं. कॅनडाच्या निकोलस स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञाने तर रिग्रेशन करण्याआधीच काही जणांना सांगून ठेवलं की पूर्वी मुलांचे फार हाल व्हायचे, मग त्यांच्या पूर्वजन्मात हाल जास्त निघाले.

वाघबीळची_मृणाल:
पण रिग्रेशन करणारे ब्रायन वाइस स्वतः अमेरिकेत येल विद्यापीठात शिकलेले सायकियाट्रिस्ट, त्यांचाही आधी पूर्वजन्मावर विश्वास नव्हता, पेशंटमुळे बसला. आणि इयान स्टीव्हनसन या अमेरिकेतल्या सायकियाट्रिस्टनी आयुष्यभर पूर्वजन्म सांगणाऱ्या मुलांच्या केसेस तपासल्या, त्यात भारतातल्याही होत्या.

ऐरोलीकर:
स्टीव्हनसनच सांगायचे की हिप्नोसिसमधून निघालेल्या आठवणींवर भरवसा ठेवू नका. ते आपणहून बोलणाऱ्या लहान मुलांकडे जायचे. ती गोष्ट वेगळी.

कोपरखैरणे_सेक्टर_नाही_सांगत:
मला राहवत नाही म्हणून लिहितेय. माझ्या भावाला अशाच एका ठिकाणी सांगितलं की तुझी बायको मागच्या जन्मीची वैरीण आहे. डिप्रेशनच्या गोळ्या त्याने स्वतःच बंद केल्या, सहा सिटिंगचे पैसे आधीच भरलेले, आणि आज दोघं वेगळे राहतात. वहिनीचा काय दोष? तिला तर तिथे बोलवलंसुद्धा नव्हतं. मृणाल, तुझ्या जावेची भीती गेली ती बहुतेक तासभर शांत पडून त्याच भीतीला मनात सामोरी गेली म्हणून, भीतीवर थेरपिस्टसुद्धा तेच करून घेतात, हळूहळू, आणि पूर्वजन्म मध्ये न आणता.

वाघबीळची_मृणाल:
वाचून पोटात गोळाच आला. पूर्वजन्म नसतोच हे मला अजून पटलेलं नाही, आणि तिचं ते रडणं मी बघितलंय, ते खोटं नव्हतं. पण त्या बाईंनी पुढच्या सिटिंगला सासूबाईंसोबतचं जुनं कर्म बघू असं सांगितलंय. तिथे तिला जाऊ देणार नाही. आज संध्याकाळी बोलते तिच्याशी.