सोलापूर जिल्ह्यात मुलांना दाखवण्यासारखे खरोखर काही नाही का?

सीनाकाठ:
परवा इथे एका पालकांनी लिहिले की सोलापूर जिल्ह्यात ऊन आणि ज्वारी यांपलीकडे मुलांना दाखवण्यासारखे काहीच नाही, म्हणून शाळांनी सहली कोकणातच न्याव्यात. ते वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या शाळेत अठ्ठावीस वर्षे इतिहास शिकवताना मी याच समजुतीशी झगडत आलो. भीमा आणि सीना जिथे मिळतात त्या हत्तरसंग कुडलला संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठीतला सर्वांत जुना लेख आहे. त्यात 'वाछि तो विजेया होईवा' असे शब्द आहेत. जो वाचील तो विजयी होईल. आनंद कुंभारांनी या जिल्ह्यातले शिलालेख धुंडाळण्यात आयुष्य वेचले आणि आपण मुलांना ते पाहायलाही नेत नाही. एका वर्षी मी सातवीचा वर्ग तिथे नेला, तेव्हा जवळच्याच वस्तीवरचा एक मुलगा मान वर करून अर्धा तास अक्षरे लावत राहिला. दर श्रावणात तो आईबरोबर त्या देवळात येत असे, पण वर पाहा असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. माचणूरचेही तसेच. त्याला लागूनच्या ब्रह्मपुरीला १६९५ पासून सुमारे चार वर्षे औरंगजेबाची छावणी होती. पुस्तकात हे एका ओळीत संपते. भीमेच्या काठावर उभे राहून सांगितले की मुले विचारतात, एवढ्या माणसांना धान्य आणि घोड्यांना चारा कुठून मिळत होता? हा प्रश्न मला वर्गात कधीच कुणी विचारला नाही.

मोहोळच्या बाई:
गुरुजी, आपल्याविषयी आदर ठेवून लिहिते, पण आपले म्हणणे मला पटत नाही. माझ्या शाळेतली निम्मी मुले सुट्टीच्या दिवशी शेळ्या घेऊन माळावरच असतात. त्यांना सहलीच्या नावाखाली पुन्हा तोच माळ आणि तेच देऊळ दाखवायचे का? ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांची मुले दिवाळीत समुद्र पाहून येतात. इतरांसाठी शाळेची सहल हीच एकमेव संधी असते आणि एसटीच्या निम्म्या भाड्यामुळेच ती परवडते. आम्ही एकदा मुलांना समुद्रावर नेले होते. आठवीतली एक मुलगी पाण्याच्या कडेला गप्प उभी राहिली, तिने पाणी जिभेला लावून पाहिले आणि आजीला खारट लागते हे पटावे म्हणून बाटली भरून घेतली. पुढे तिचे लवकर लग्न झाले आणि तिने अजून दुसऱ्यांदा समुद्र पाहिलेला नाही. तो दिवस तिच्या वाट्याला आला नसता, तर शिलालेखाने ती भरपाई झाली असती का?

आणखी एक गोष्ट पुरुष शिक्षकांच्या लक्षात येत नाही. जिल्ह्यातल्या अशाच एका ठिकाणी आम्ही त्रेचाळीस मुली घेऊन गेलो, तिथे एकही स्वच्छतागृह नव्हते. मुली सकाळपासून पाणी न पिता उन्हात फिरल्या आणि परतताना दोघींना भोवळ आली. २०१६ साली मुरुडच्या समुद्रात पुण्याचे विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून परवानग्या आणि हमीपत्रे वाढली, ते योग्यच आहे. पण काही घडले तर जाब एकट्या शिक्षकालाच द्यावा लागतो.

बार्शीकर:
गुरुजींच्या विधानात दुरुस्ती हवी. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके ९३४ चा, म्हणजे कुडलच्याही आधीचा मानला जातो. बाईंनी मुले त्या किनाऱ्यावर नेली तर समुद्र आणि शिलालेख दोन्ही साधतील. मला मात्र वेगळेच दुःख आहे. १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे पुढे मिरजेपासून लातूरपर्यंत धावली आणि माझे आजोबा त्या रेल्वेत कामाला होते. आज माझ्या नातवाला ती गाडी कशी होती हे दाखवायला आमच्या गावात मला काही सापडत नाही.

सीनाकाठ:
आक्षीच्या लेखातील शकाच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही मी 'सर्वांत जुना' असे निःशंकपणे म्हणायला नको होते, हे मान्य. पण नुसता माळ म्हणून नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याला बाजूला सारू नका. माळढोक आता जवळपास दिसत नाही, तरी काळवीट, लांडगा, धाविक पक्षी अजून आहेत.

नान्नजचा शेतकरी:
माळढोकाचे नाव निघालेच आहे, तर आमचेही ऐका. १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, बागायत आली, आमचे सातबारे आले. मुलीच्या लग्नासाठी मला दोन एकर विकायचे होते. परवानगीसाठी एका कचेरीत तीन वर्षे खेटे घातले आणि शेवटी सावकाराकडे गेलो. ते कर्ज फेडायला नऊ वर्षे लागली. शहरातल्या शाळा बसने येतात, पक्षी नाही म्हणून हळहळतात आणि निघून जातात. त्या मुलांना कुणी सांगते का, की रात्री हरणांचा कळप ज्वारीत शिरला तर सकाळी काय उरते?

गवताळ:
आपला राग समजतो, परंतु पक्षी गेला तो नियमांमुळे नव्हे. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालतो. त्याला पवन्या, कुसळीचे मोकळे गवत लागते. आपण माळाला पडीक म्हटले, त्यावर झाडे लावली, तो नांगरला आणि त्यावरून विजेच्या तारा नेल्या. मी वीस वर्षे तिथे जातो आहे आणि हे डोळ्यांनी पाहिले आहे.

नान्नजचा शेतकरी:
वीस वर्षे आपण दुर्बिणीतून पक्षी पाहिलात, बांधावर उभा असलेला माणूस आपल्याला दिसला नाही. माळावर झाडे मी लावली का? तारा मी ओढल्या का? गुरे चारली म्हणून दंड मात्र मला झाला.

गवताळ:
झाडे आणि तारांचा दोष तुमच्यावर टाकणे चुकीचे होते, ते मागे घेतो. मूळ नकाशा माणसांचा विचार न करता आखला गेला, हेही खरे. म्हणून तर पुढे तो १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावा लागला. नांगरटीबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही.

मोहोळच्या बाई:
हा वाद वाचून एक कबूल करावेसे वाटते. माझी मुले माळावर असतात, मारवेल आणि कुसळी ही गवते वेगळी ओळखण्यात ती माझ्या पुढे आहेत आणि वर्गात मी त्यांना त्याबद्दल कधी विचारले नाही. समुद्राची सहल मी सोडणार नाही. परंतु पाचवी-सहावीला एक दिवस नान्नज किंवा कुडल ठेवता येईल. त्या ठिकाणी मुलींसाठी स्वच्छतागृह आहे, हे गुरुजींनी आधी स्वतः जाऊन पाहून कळवावे.

सीनाकाठ:
मी पुढच्या रविवारी कुडलला जाऊन पाहून येतो. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या मनात आली नाही, याचे मला वाईट वाटते.

नान्नजचा शेतकरी:
बाई, तुमच्या शाळेची मुले माझ्या शेतात आणा. पाण्याची आणि सावलीची सोय मी करीन. मात्र माहिती देणारा एकटा दुर्बीणवाला नको. त्यांच्याशी मीही बोलेन.